जुन्या पुलावरचं पाणी

अरेलासच्या खाडीवर तीन पूल आहेत, पण दोसिंदाच्या लेखी एकच होता. रेल्वेच्या लोखंडी पुलावरून माणसांना जाऊच देत नाहीत, तो सोडा. सिमेंटचा नवा पूल झाला तेव्हा मात्र अख्खं गाव हौसेनं त्याच्यावर येरझारा घालून आलं, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांनाही खुर्चीत बसवून फिरवून आणलं, आणि या बाईनं त्याला पाय लावला नाही तो नाहीच. डॉक्टरचा दवाखाना नव्या पुलाच्या अगदी पलीकडे. तरी अंगात ताप असताना ही वळसा घालून जुन्या दगडी पुलावरून जायची. म्हणायची, ‘मेल्यावरसुद्धा मला त्याच्यावरून नेऊ नका. पेटी उचलणाऱ्यांना आत्ताच सांगून ठेवलंय.’

कारण काही गुपित नव्हतं. नवा पूल एवारिस्तो लोरीदोनं आणला होता, आणि एवारिस्तोचं नाव निघालं की दोसिंदा आधी थुंकायची आणि मग बोलायची.

बाई बुटकी, खांद्यांनी रुंद, आवाजानं त्याहून रुंद. ओहोटीला गुडघाभर चिखलात उभं राहून दाताळ्यानं तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, उपसायच्या हे तिचं काम. आईचं आणि आजीचंही तेच होतं. खाडीकाठच्या खुणा तिला घरातल्या भांड्यांसारख्या ठाऊक. पडका बुरूज आणि जुन्या पुलावरचा दगडी क्रूस एका रेषेत आले की तिथं मोठ्या तिसऱ्या. भरतीच्या पाण्यावर चालणाऱ्या गिरणीची भिंत रेल्वेच्या खांबाआड गेली की पुढं पाऊल टाकायचं नाही, गाळ गिळतो. बाकीच्या बायका तिच्याशी जपूनच बोलत. तिच्या टोपलीच्या कानाला सायकलची घंटी बांधलेली असायची. एवारिस्तो कुठंही दिसला, बाजारात, रस्त्यावर, चर्चमधून परतताना, की ती अंगठ्यानं घंटी वाजवायची. ट्रिंग, ट्रिंग. तोंडातून शब्द काढायची नाही. एवारिस्तोची मान ताठ व्हायची आणि तो वाट बदलायचा. त्याची सायकल गेली, काळी मोटार आली, सिमेंटचा धंदा फोफावला, तो नगराध्यक्ष झाला. पण त्या घंटीनं त्याचा पिच्छा काही सोडला नाही.

ही घंटी कशाची, ते सांगायला हवं.

ज्या बाईची मुलं पोटात किंवा जन्मताच जातात, ती आमच्याकडे दिवस भरत आले की जुन्या पुलावर जाते. मध्यरात्री पुलाच्या मधोमध, क्रुसाखाली उभी राहते. पुलाच्या दोन्ही टोकांना घरचा एकेक माणूस काठी घेऊन राखण करतो, कारण कुत्रं-मांजर आधी ओलांडून गेलं तर ती रात्र फुकट. मध्यरात्र उलटल्यावर जे पहिलं माणूस येईल, मग तो भिकारी असो नाहीतर सावकार, तो त्या पोटातल्या जिवाचा धर्मबाप, आणि बाई आली तर ती धर्ममाय. दोरीनं वाडगं सोडून खाडीचं पाणी ओढायचं, त्या माणसानं ते बाईच्या पोटावर घालायचं आणि आपलं नाव त्या मुलाला द्यायचं. आमेन म्हणायचं नाही. ते मूल जन्मल्यावर, चर्चमध्ये. कुणाला बोलावून आणायचं नाही, कुणी मुद्दाम यायचं नाही; आपल्या रोजच्या वाटेनं, आपल्या कामानं निघालेलंच माणूस लागतं. कुणीच आलं नाही तर पुन्हा उभं राहायचं, पण तीनच रात्री. आणि पहिला आलेला नाही म्हणाला, तर त्याच्या मागून साक्षात बिशप आला तरी उपयोग नाही.

दोसिंदाची दोन मुलं अशीच गेली होती. तिसऱ्या वेळी तिचा नवरा शाकीन तिला पुलावर घेऊन गेला. थंडी मरणाची होती. तिनं दोन्ही हातांनी खालून पोट धरलं होतं, आणि पायाशी पाण्याचं वाडगं भरून तयार. तेवढ्यात पलीकडच्या टोकाकडून दिराची हाक आली, माणूस येतोय म्हणून. दोसिंदाला रडूच फुटलं, इतका आनंद झाला.

आला तो एवारिस्तो. खानावळवाल्याचा मुलगा, पंचविशीचा, डोक्याला तेल चोपडलेलं. पलीकडच्या गावचा नाच आटोपून निघाला होता. सायकलच्या दांडीवर एक पोरगी बसवलेली. दोसिंदा आडवी आली आणि जे म्हणायचं असतं ते म्हणाली: ‘देवाच्या नावानं थांब, आणि माझ्या बाळाला नाव दे.’

एवारिस्तोनं घंटी वाजवली. ती हलली नाही, तेव्हा त्यानं एक पाय टेकला. ‘चिखल उपसणाऱ्यांचा धर्मबाप? मी?’ तो दांडीवरच्या पोरीला ऐकू जाईल असं म्हणाला. ‘आणि जन्मभर दर ईस्टरला गोड पाव घेऊन तुमच्या दारात यायचं? मागून येईल कुणीतरी, त्याला पकड.’ पोरगी खुदकन हसली. त्यानं पुन्हा घंटी वाजवली आणि पायडल मारलं. जाता जाता चाकाचा धक्का लागून वाडगं कलंडलं आणि सगळं पाणी दोसिंदाच्या पायांवर गेलं.

काही दिवसांनी ती बाळंत झाली. मूल रडलं नाही. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या मुलाला चर्चच्या दफनभूमीत जागा नसते; पण पुलावर नाव मिळालेलं मूल असं गेलं, तर त्या वेळचा म्हातारा पाद्री डोळ्यांवर कातडं ओढून त्याला दफनभूमीच्या भिंतीच्या आत जागा द्यायचा. हिच्या मुलाला नावच नव्हतं. शाकीननं ते सार्डिनच्या लाकडी खोक्यात ठेवलं, आणि भिंतीच्या मागच्या अंगाला, जिथं खाजऱ्या पाल्याचं रान माजलेलं असतं, तिथं पुरलं. वर खाडीतला एक पांढरा दगड ठेवला. पुढं शाकीन दूरच्या थंड समुद्रावर मासेमारीला गेला तो परतला नाही, आणि दोसिंदाला पुन्हा कधी दिवस गेले नाहीत.

म्हणजे एका माणसाला दोन मिनिटं थांबायचा कंटाळा आला, आणि एका बाईचं सगळं गेलं. नुसतं मूल नाही हो. मुलं जातात, आमच्याकडे कुणाच्या घरातली गेली नाहीत? पण त्याला हाक मारायला नावही राहिलं नाही, आणि ज्या भिंतीच्या आत सगळं गाव निजलंय तिथं जागा राहिली नाही. याचा तिनं डूख धरला. लोकांनी समजावलं, की तो तेव्हा पोरकट होता, सोडून दे. ती म्हणाली, ‘तो येऊन सांगू दे, मग बघते.’ तो कधी आला नाही. माफी मागण्याइतकं आपण काही केलंय हेच त्याच्या डोक्यात नव्हतं. तेव्हा तिनं भंगारवाल्याकडून सायकलची घंटी आणली आणि टोपलीला बांधली. त्याच्या बायकोनं नाताळाला तिसऱ्या आणायला मोलकरीण पाठवली, तर हिनं भरलेली टोपली त्या पोरीच्या डोळ्यांदेखत खाडीत ओतून दिली. रोजची मजुरी पाण्यात गेली आणि ही घरी उपाशी झोपली, पण समाधानानं झोपली.

नव्या पुलाच्या उद्घाटनाची गंमत गावात अजून सांगतात. प्रांताचा बडा साहेब आला होता, बँड होता, एवारिस्तोच्या छातीवर रेशमी पट्टा. ओहोटीची वेळ होती. दोसिंदा बरोबर पुलाखाली येऊन चिखलात वाकली, पाठ पाहुण्यांकडे. साहेबाचं भाषण रंगात आलं आणि खालून घंटी सुरू झाली. ट्रिंग, ट्रिंग. पोलीस ओरडला तर म्हणाली, ‘टोपली हलते, मी काय करू?’ दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. वर साहेब, कात्री, एवारिस्तो, आणि खालच्या कोपऱ्यात दोसिंदाचं बूड. तो फोटो तिनं चुलीवरच्या भिंतीला चिकटवून ठेवला होता.

पण हसण्यावारी न नेण्यासारखी गोष्ट वेगळीच होती, आणि ती तेव्हा कुणाच्याच ध्यानात आली नाही. नवा पूल झाला आणि जुन्या पुलावरची वर्दळ थांबली. आधी त्याच्यावरून अपरात्री मासेवाल्या जायच्या, गाडीवान जायचे, दारू पिऊन तर्र झालेले जायचे, बाळंतपणाला निघालेली सुईण जायची. आता सगळे मोटारीतून सिमेंटवरून. जुन्या पुलाच्या दगडांत गवत उगवलं, क्रुसाला शेवाळ आलं. नगरपालिकेनं ‘ऐतिहासिक स्थळ’ अशी पाटी लावली. दिवसा एखादा पाहुणा येऊन फोटो काढून जायचा, तेवढंच.

रात्री त्या पुलावरून जाणारं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे दोसिंदा. खाडीत तिसऱ्यांच्या चोऱ्या व्हायला लागल्या तेव्हा बायकांनी पलीकडच्या काठावर, बंद पडलेल्या गिरणीत रात्रीचा पहारा ठेवला. दोसिंदाला झोप कमीच. तिनं तो कायमचा स्वतःकडे घेतला. तिचं घर अलीकडे, पुलाच्या तोंडाशी. जेवून एक डुलकी काढायची, आणि मध्यरात्र उलटली की कंदील घेऊन पूल ओलांडून गिरणीत जायचं. वर्षानुवर्षं हेच.

आणि मग एवारिस्तोच्या मुलीवर तीच पाळी आली.

साबेला त्याची एकुलती एक. मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यांत नेलं, पाण्यासारखा पैसा ओतला, तरी तिची दोन मुलं गेली. तिसऱ्या वेळी दिवस भरत आले तेव्हा ती बापाला म्हणाली, मला पुलावर जायचंय. एवारिस्तोनं विचारलं, कुठल्या? ती म्हणाली, बाबा, मूल देणारा पूल एकच आहे.

त्या दिवशी बातमी चिखलात पोचली. दोसिंदाच्या शेजारी उभं राहून तिसऱ्या काढणारी पेरेग्रिना, तिची बालपणापासूनची सोबतीण, हळूच म्हणाली, ‘ऐकलंस ना? आज रात्री उभी राहणार आहे. तुझ्याच वाटेवर.’

दोसिंदाचं दाताळं तेवढं जोरात चालायला लागलं. मग काय झालं, तर त्या दिवशी ही बाई सूर्य मावळायच्या आधीच, लख्ख उजेडात, भाकरी फडक्यात बांधून पूल ओलांडून गेली आणि गिरणीत जाऊन बसली. मध्यरात्री पुलावर कंदील आला. तो कोंबडा आरवेपर्यंत एका जागी जळत राहिला. गिरणीच्या खिडकीतून दोसिंदा तो बघत होती, आणि भाकरी खात होती. पुलावर कुणी आलं नाही. येणार कोण? सगळ्यांची वाट एवारिस्तोनं स्वतःच्या हातानं दुसरीकडे नेऊन ठेवली होती.

सकाळी पेरेग्रिनानं तिला गाठलं. ‘अगं, त्या पोरीनं तुझं काय वाकडं केलंय?’

‘माझ्या पोटातल्यानं त्याचं काय वाकडं केलं होतं?’

‘तू बापाचं मुलीवर काढतेस.’

‘मी काय काढते? मी उजेडात कामावर गेले. माझे पाय, माझी वाट. मी कुणाला धक्का दिला नाही, कुणाचं वाडगं सांडलं नाही.’

बाईचं म्हणणं खरंच होतं. तिनं काहीच केलं नव्हतं, आणि तीच तिची जिरवण्याची तऱ्हा होती. दुसऱ्याही रात्री तसंच झालं. साबेलाच्या अंगात आता उभं राहायचं त्राण नव्हतं म्हणून तिला खुर्ची दिली होती. एवारिस्तोच्या सिमेंटच्या वखारीत शंभर माणसं कामाला, त्याच्या एका शब्दावर रांगेनं पुलावरून चालत गेली असती. पण सांगून पाठवलेला माणूस पाणी घालेल तर मूल वाचायचं नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. तो हुकूम सोडू शकत नव्हता. पैसे देऊ शकत नव्हता. दोसिंदाच्या पायांवर लोळण घ्यायची म्हटली तरी घेऊ शकत नव्हता, कारण विनवून आणलेली बाईसुद्धा बोलावलेलीच.

तरी तो आला. तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या दारात उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दोसिंदा अंगणात जाळीच्या पिशव्या शिवत बसली होती. टोपली शेजारीच होती, पण तिनं घंटीला हात लावला नाही. बघू तरी काय म्हणतो म्हणून.

एवारिस्तो बराच वेळ तिच्या छपराकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘कौलं उतरलीत तुमची.’

‘उतरू देत.’

‘हल्ली गिरणीकडे लवकर जाता म्हणे.’

‘पाय दुखतात. अंधारात ठेच लागते.’

जे विचारायचं ते विचारता येत नव्हतं. ‘पुलावर रात्री गारठा फार असतो,’ तो शेवटी म्हणाला.

‘माहीत आहे मला,’ दोसिंदा म्हणाली. ‘माझे पाय भिजले होते.’

एवारिस्तोनं टोपी काढली, पुन्हा घातली आणि तो गेला. तो फाटकाबाहेर पडेपर्यंत ती थांबली, मग घंटी वाजवली.

त्या संध्याकाळीही ती उजेडातच गिरणीत गेली. शेवटची रात्र. आता फक्त बसून राहायचं होतं. कंदील पुलावर आला. चांदणं होतं, त्यामुळं गिरणीतून सगळं दिसत होतं: मधोमध साबेला, अलीकडच्या काठाला तिचा नवरा, आणि गिरणीच्या बाजूच्या तोंडाशी काठी घेऊन एवारिस्तो. कुत्री हाकलायला नगराध्यक्ष स्वतः उभा होता. दोसिंदानं मनात म्हटलं, बघ गड्या, कसं वाटतं ते. आणि पोटभर बघून घेतलं.

पण बघता बघता तिच्या डोक्यात एक वेगळंच चक्र सुरू झालं. समजा, मूल गेलं. पुढं काय? आता नवा पाद्री आहे, तरुण, मवाळ. तो काही भिंतीबाहेर घालवायचा नाही. पांढरी पेटी येईल, फुलं येतील, संगमरवरी दगड येईल आणि त्याच्यावर सोनेरी अक्षरांत नाव येईल. एवारिस्तो रडेल, आणि गाव त्याच्याबरोबर रडेल. लोक त्याचे खांदे थोपटतील. म्हणजे याला दुःख मिळेल, पण लाज मिळणार नाही. इतकी वर्षं आपण काय त्याचं दुःख मागत होतो? दुःख आपल्याजवळ हवं तेवढं होतं. तिला राग आला तो या गोष्टीचा, की इतका साधा हिशेब आपल्याला दोन रात्री उमगला नाही.

साबेला खुर्चीतून उठून उभी राहिली होती. दोन्ही हातांनी खालून पोट धरलेलं. दोसिंदाला कणव आली का? कुणी विचारलं असतं तर तिनं दाताळं फेकून मारलं असतं. तिनं कंदील उचलला, टोपली कमरेला लावली आणि ती घरी निघाली. आपल्या घरी जायला माणसाला कारण लागतं का?

पुलाच्या तोंडाशी एवारिस्तोनं तिला ओळखलं. काठी बाजूला घेऊन तो कठड्याला पाठ लावून उभा राहिला. ती त्याच्यापाशी आली, थांबली, आणि त्याच्या कानाशी घंटी वाजवली. एकदाच. मग पुढं गेली.

दोसिंदा साबेलासमोर थांबून राहिली, शेवटी तीच वैतागून म्हणाली, ‘बोल गं पोरी. तू बोलल्याशिवाय मला काही करता येत नाही.’

‘देवाच्या नावानं थांबा,’ साबेला म्हणाली, ‘आणि माझ्या बाळाला नाव द्या.’

दोसिंदानं दोरी सोडली, पाणी ओढलं. तिनं साबेलाच्या पोटावर पाणी घातलं आणि खाडीच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल अशा आवाजात नाव दिलं: ‘दोसिंदा.’ मग रीतीप्रमाणं क्रुसाखाली चादर अंथरून जेवण झालं. एवारिस्तोला तिला वाढावं लागलं. बटाट्याचं ऑम्लेट, मक्याचा पाव, वाइन. ती सावकाश, दोन-दोनदा मागून घेऊन जेवली. उरलंसुरलं बशांसकट खाडीत फेकलं, आणि ती झोपायला गेली.

मुलगी झाली. घसा फोडून रडणारी, लालभडक, दणकट. एवारिस्तोच्या घरात आता दिवसभर दोसिंदा, दोसिंदा अशी हाक घुमायला लागली. दोसिंदा झोपली का, दोसिंदाला भूक लागली का. हे पेरेग्रिनानं चिखलात सांगितलं तेव्हा बायका इतक्या हसल्या की कुणाच्या हातून टोपली कलंडली. म्हातारी दोसिंदाही हसली. पण पेरेग्रिना म्हणाली, ‘झालं ना आता तुझं समाधान?’ तेव्हा तिनं नाही म्हणून मान हलवली. म्हणाली, ‘अजून चर्च राहिलंय.’

बाप्तिस्म्याच्या दिवशी बाळ धर्ममायच्या हातात असतं. घरापासून चर्चच्या दारापर्यंत ती पुढं, बाकीचे मागं. तिच्या पुढं कुणी पाऊल टाकायचं नाही आणि तिला कुणी टोकायचं नाही. एवारिस्तोनं सात मोटारी सजवून ठेवल्या होत्या, नव्या पुलावरून न्यायला. दोसिंदा आली, इस्त्रीचा काळा झगा घालून, बाळ उचललं, मोटारींकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि जुन्या पुलाकडे चालू लागली. झालं. सगळा लवाजमा पायी निघाला. गवत उगवलेल्या दगडांवर उंच टाचांच्या बाया लचकत होत्या, नगरपालिकेचे सभासद घाम पुसत होते.

चर्चच्या दारात पाद्री उभा होता. दोसिंदा त्याच्या समोरून वळली आणि दफनभूमीच्या भिंतीच्या कडेनं मागच्या अंगाला गेली. बाकीच्यांना मागून जावंच लागलं. तिथं खाजरा पाला कमरेइतका वाढला होता. तिनं आदल्या दिवशी येऊन फक्त एक पायवाट आणि एक जागा साफ करून ठेवली होती. पांढरा दगड घासून स्वच्छ केलेला.

ती वळली. ‘एवारिस्तो, पुढं ये.’

तो पुढं आला. मागं त्याचं सगळं गणगोत, सगळं गाव.

‘इथं कोण आहे, ठाऊक आहे तुला,’ ती म्हणाली. ‘तू पहिला आला होतास. नाव तुझ्याकडे होतं आणि तू ते दिलं नाहीस. आता दे. तोवर मी इथून हलणार नाही, आणि हे बाळही हलणार नाही.’

एवारिस्तोनं मागं वळून बघितलं, जणू कुणी मध्ये पडेल. कुणी पडलं नाही. पाद्री भिंतीच्या कोपऱ्यावर येऊन नुसता उभा होता. साबेला पुढं झाली. ‘बाबा,’ ती म्हणाली, ‘माझ्या बाळाला नाव मिळालं. द्या.’

त्यानं टोपी काढली. दगडाकडे बघत पुटपुटला, ‘एवारिस्तो.’

‘ऐकू आलं नाही.’

‘एवारिस्तो,’ तो मोठ्यानं म्हणाला. ‘या मुलाचं नाव एवारिस्तो.’

दोसिंदानं बाळ खांद्यावर घेतलं. ही गोष्ट तिनं शाकीनखेरीज कुणाला सांगितली नव्हती, पेरेग्रिनालासुद्धा नाही.

‘मुलगी होती,’ ती म्हणाली. ‘तू कधी विचारलंच नाहीस.’

एवारिस्तोच्या हातातली टोपी खाली पडली ती त्यानं उचलली नाही. मग तो गुडघ्यांवर बसला, त्या खाजऱ्या पाल्यातच, आणि त्यानं दगडावर हात ठेवला. ‘एवारिस्ता,’ तो म्हणाला. मागच्या रांगेतल्या लोकांनाही ते नीट ऐकू गेलं. दोसिंदानं आमेन म्हटलं नाही. तिनं बाळाचं टोपडं सारखं केलं आणि ती चर्चच्या दाराकडे चालू लागली, आणि सगळे तिच्या मागं गेले.

चार दिवसांनी ओहोटीला बायका चिखलात होत्या, आणि खाडीकाठच्या रस्त्यानं काळी मोटार आली. पेरेग्रिनानं दोसिंदाच्या टोपलीकडे बघितलं. घंटी जागेवरच होती. दोसिंदानं दाताळं टेकवलं, हात पुसले आणि घंटी वाजवली. या वेळी मोटारीनं वाट बदलली नाही. ती थांबली. एवारिस्तो उतरला, रस्त्याच्या कडेला आला, टोपी काढून हातात धरली आणि घंटी थांबेपर्यंत ऐकत उभा राहिला. दोसिंदानं ती बराच वेळ वाजवली.